कडुलिंबाखाली एकच गाडी मावते

भाऊ, तुम्ही गेलात, तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, शोभाताईंना थोडे दिवस माहेरी आणलं, आणि त्यांना भेटायला आलो तेव्हा मी माझी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली आणि दोनदा हॉर्न वाजवला.

सवय, दुसरं काय. पण वाजवला.

आबा ओसरीत बाजेवर बसले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता कोनाले आयकवता, जवाईबापू? शर्यत लावनारा तं गेला."

माझी बायको मंगला गाडीतून उतरली आणि मी तिचा कोणीच लागत नसल्यासारखी थेट घरात गेली. मी स्टेअरिंग धरून बसून राहिलो. इतक्या वर्षांत ती सावली मला पहिल्यांदा आयती मिळाली होती, आणि खरं सांगतो, तिच्यात काही दम नाही. टपावर निंबोळ्या पडतात. वर कावळे बसतात आणि त्यांना जे करायचं ते करतात. या असल्या जागेसाठी मी आंघोळ न करता चिखलीहून निघायचो.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. पण हे वाचणारे काही आपल्या सासऱ्याच्या दारात आलेले नाहीत, म्हणून त्यांना सांगतो. आपण दोघं साडभाऊ. थोरल्या शोभाताई तुम्हाला दिल्या, धाकटी मंगला मला. सासुरवाडी मोताळ्याजवळ. दारात एक कडुलिंब, त्याखाली एकच गाडी मावते. जो मागून येईल त्यानं आपली गाडी उकिरड्याच्या अंगाला, भर उन्हात लावायची. दुपारी तिथं शेळ्या येतात आणि बॉनेटवर चढून आबांच्या कुंपणाचा पाला खातात. पहिला पोचलेला दोनदा हॉर्न वाजवायचा, म्हणजे मागच्यानं काय ते समजावं. तुम्ही संग्रामपूरहून यायचात, मी चिखलीहून. अंतर तुमचं जास्त, गाडी तुमची खटारा, आणि सावलीत दरवेळी तीच उभी.

मी तुमच्याशी वाद घातला होता, आठवतं? म्हटलं, भाऊ, नव्या गाडीला सावली मिळायला पाहिजे. आत टीव्हीसारखा पडदा आहे, सेन्सर आहेत, उन्हानं खराब होतात. तुम्ही तंबाखू मळता मळता म्हणालात, "गाडीले उनाचं एवढं भेव हाये तं ते कंपनीनं कोनासाठी बनवली? आपल्या जिल्ह्यात मे महिना येते हे त्याइले कोनी सांगतलं नाही का?"

तुमची ती जीप म्हणजे तरी काय होतं, भाऊ? गुरांच्या दवाखान्यातली नोकरी, म्हणून मागची सीट काढून टाकलेली. तिथं औषधांची पेटी, दोरखंड, आणि कधी कधी एखादं हगवण लागलेलं वासरू. त्या गाडीत बसून लग्नाला गेलं की लोक आपल्यापासून दोन खुर्च्या सोडून बसत. दार आतून उघडत नसे. तुम्ही बाहेरून येऊन उघडायचात, आणि ताईंना वाटायचं तुम्ही त्यांचा मान राखता. तुम्ही त्यांना तसं वाटू दिलंत. पंचवीस वर्षं म्हणा.

आणि असा माणूस माझ्या गाड्यांना हसायचा.

पहिल्या गाडीच्या वेळी तर हद्द झाली. वर्ष संपायला आलं होतं, शोरूमवाल्यानं भरघोस सूट दिली, मी घेतली. चिखलीत माझं कृषी केंद्र आहे, गिऱ्हाइकाला गुंडाळण्याचा धंदा, तेव्हा मला वाटलं मीच त्याला गुंडाळलं. आबांकडे पेढे घेऊन आलो. पुढच्याच महिन्यात त्याच गाडीचं नवं रूप बाजारात आलं. नाक नवीन, दिवे नवीन, मागचा बंपर नवीन. माझी गाडी सीटवरच्या प्लास्टिकसकट जुनी झाली. सगळे पातोडीची भाजी खायला बसलो होतो, तर तुम्ही भाकरी चुरता चुरता सगळ्यांदेखत म्हणालात, "साडभाऊ, बाजार उठता उठता उरलेला माल गळ्यात मारला तुमच्या. अन् तुम्ही पेढे वाटून राह्यले?"

आबा हसले ते ठीक. मंगला हसली ते मी विसरलेलो नाही.

त्याच दिवशी तुम्ही तुमचा सिद्धांत मांडलात, आणि मग दर भेटीत तोच. म्हणे बैलबाजारात काय होते? बैल तोच. शिंगं तासली, हिंगूळ लावला, गळ्यात नवी घुंगरमाळ घातली, झालं नवं मॉडेल. "दात कोनी पाह्यत नाही, साडभाऊ. समदे शिंगं पाह्यतात."

मी म्हणायचो, असं नसतं भाऊ. सरकार धुराचे नियम बदलतं, सुरक्षेचे नियम बदलतं, मग कंपनीला इंजिन बदलावं लागतं. समोरची कंपनी काही नवीन देते, मग हिलाही द्यावं लागतं. नाही दिलं तर गिऱ्हाईक तिकडे जातं.

"बराबर," तुम्ही म्हणायचात. "पन मंग नाक काऊन बदलवतात? धूर नाकातून निघते का?"

  याला उत्तर आहे, पण ते इतकं हलकं आहे की तुमच्यासमोर उच्चारायची लाज वाटायची. नाक बदललं नाही तर साडूला कळणार कसं? ब्रेक सुधारले, आत पोलाद जाड घातलं, एअरबॅगचे फुगे वाढवले, हे दारात उभ्या गाडीकडे बघून कोणाला दिसतं? माणूस दुकानात गेला की तोंडानं मायलेज विचारतो आणि डोळ्यांनी पडदा मोजतो. सुरक्षेचं विचारतो, आणि घरी येऊन बेल्टचा आवाज बंद करायला नुसती क्लिप विकत आणतो. मी आणली होती. कंपन्यांना हे पक्कं माहीत आहे. त्यांच्या मोठ्या ऑफिसात थंड हवेत बसून हुशार माणसं वर्षभर डोकं लढवतात आणि शेवटी ठरवतात की चिखलीच्या कृषी केंद्रवाल्याला पायाशी निळा उजेड पाहिजे. आणि सगळ्यात अपमानाची गोष्ट म्हणजे, भाऊ, त्यांचं बरोबर असतं. मला पाहिजे होता.

तुम्ही तर एकदा माझ्या दुकानात येऊन फळीवरची फवारणीच्या औषधाची बाटली उचलली होती. गेल्या वर्षी हिचं झाकण हिरवं होतं, औंदा सोनेरी कसं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नवीन फॉर्म्युला. तुम्ही बाटली परत ठेवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलंत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

मग आली ही गाडी, सनरूफवाली. ती घ्यायला बुलढाण्याला गेलो तेव्हा मंगलेनं हट्टानं तुम्हाला सोबत घेतलं होतं. माझ्यावर नजर ठेवायला. शोरूममध्ये टायवाला सेल्समन पुढे आला.

"सर, पायाशी निळा उजेड आहे. आणि ही तुमच्याशी बोलते."

"काय बोलते?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही जे म्हणाल ते ऐकते सर."

"घरी कोनी आयकत नसन, म्हनून लोकं घेत असतीन," तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात. मग मागचं दार उघडून आत वाकलात. "इथं वासरू बसते का?"

"सर?"

"वासरू. म्हशीचं. पाय बांधून."

सेल्समननं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "सर, मागची सीट फोल्ड होते," तो म्हणाला.

"म्हंजे बसते. मंग हे सांग ना बावा पह्यले. उजेडाचं काय सांगून राह्यला केव्हाचा."

मी तुम्हाला तिथून हाकलण्यासाठी शेजारच्या गाडीकडे बोट दाखवलं. ती बिनक्लचची होती, ऑटोमॅटिक. तुम्ही स्टेअरिंगमागे बसलात आणि पाय चाचपलात. "डाव्या पायाले काय काम याच्यात?"

"काहीच नाही सर. आराम."

"डाव्या पायाले बिनकामाचा पगार," तुम्ही म्हणालात, आणि सगळं शोरूम हसलं. मीही हसलो. मग मी रंग निवडायला गेलो. परत आलो तरी तुम्ही तिथंच होतात. या बाजूनं उतरत होतात, त्या बाजूनं चढत होतात, उंबऱ्याची उंची हातानं मोजत होतात. मला वाटलं, टिंगलीसाठी मसाला गोळा करताय.

आणि मसाला मी तुम्हाला कमी पडू दिला का कधी? गाडी ताब्यात घेताना टायरखाली लिंबं ठेवली होती, त्यावर तुम्ही पेढा तोंडात असताना विचारलंत, "घरी पंचशील म्हनता अन् टायरखाली लिंबू?" पहिल्याच आठवड्यात चिखलीच्या रस्त्यावर मी छत उघडून, वारा खात, नवरदेवासारखा निघालो. पुढे सोयाबीनच्या कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेली ट्रॉली. वर ताडपत्री नाही. वाऱ्याचा एक झोत आला, आणि ते सगळं कुटार छतातून आत. केसात, शर्टात, एसीच्या भोकात, मंगलेच्या डब्यातल्या भातात. मी ओरडून सांगतोय गाडीला, छत बंद कर, आणि ती गाडीतली बाई शांतपणे इंग्रजीत सांगतेय की मी लेन सोडली. आपल्या रस्त्यावर लेन! तिला दाखवा कोणीतरी कुठे आहे ती. आबांकडे पोचेपर्यंत अंगाला इतकी खाज सुटली होती की मी उतरलो तो कडुलिंबाच्या खोडालाच पाठ घासायला लागलो. तुम्ही ओसरीतून पाहत होतात. म्हणालात, "शोभे, गोचीड मारायचं औषध आन गाडीतलं. आपल्या साडभाऊसाठी."

ही हकीगत मी प्रत्येक लग्नात सांगतो, लोक हसतात. तुमच्यामागे आता कोणी म्हणणार नाही, की साडभाऊ, खोडाला घासण्याचा भाग तुम्ही गाळला.

तुम्ही गेलात त्याचं मी लिहीत नाही. सकाळी चहा मागितलात आणि तो यायच्या आत गेलात, एवढंच ताई सांगतात, आणि त्यापुढे त्यांना बोलवत नाही.

आता परत त्या सावलीच्या दिवसावर येतो. मी गाडीतून उतरून ओसरीत बसलो. ताई बाहेर आल्या, उंबऱ्याशी टेकल्या. तुमचा फोन त्यांच्या हातात होता. तो अजून चालू ठेवलाय, कोणाकोणाचे फोन येतात. तेवढ्यात वाजला. ताईंनी माझ्याकडे दिला. "पाहा बरं भाऊजी, कोन हाये. मले नाही बोलवत."

मी घेतला. पलीकडून एक आनंदी पोरगी.

"अभिनंदन सर! तुमची गाडी आली!"

मी म्हटलं, चुकीचा नंबर लागला.

"प्रल्हाद सरच ना? संग्रामपूरचे? सर, नवीन मॉडेल, टॉप व्हेरियंट, ऑटोमॅटिक. डिलिव्हरीला कधी येता सर?"

मी म्हटलं, सर नाहीत.

"मग केव्हा भेटतील?"

भाऊ, मी आयुष्यभर तोंडानं पोट भरलं.  त्या पोरीला नुसतं कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला.

आणि मग, खोटं कशाला बोलू, मला तुमची आठवण वगैरे आली नाही. मला तुमचा राग आला. असा राग की कानातून वाफ निघावी. टॉप व्हेरियंट! माझी त्याखालची आहे. आणि नवीन मॉडेल! म्हणजे पुन्हा नाक बदललं होतं, म्हणजे माझी गाडी पुन्हा जुनी झाली होती, आणि हे तुम्हाला माहीत होतं. शिंगं तासलेला बैल म्हणणारा माणूस, धूर नाकातून निघते का विचारणारा माणूस, गुपचूप त्याच दुकानात जाऊन तीच गाडी, माझ्याहून वरची, बुक करून आला. आणि त्यानंतरसुद्धा आबांच्या ओसरीत बसून माझ्या निळ्या उजेडाला हसत राहिला. ढोंगी. मी तसं मोठ्यानं म्हणालोही. ढोंगी माणूस.

"हाव," ताई म्हणाल्या. "मले म्हायती व्हतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माह्यासाठीच तं घेतली."

मग ताईंनी जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्ही केलं. मला माहीत नव्हतं. मला तुम्ही सांगितलं होतं की पोटात गॅस धरला होता.

"गॅस कायचा," ताई म्हणाल्या. "छातीत दुखू लागलं. गाडी कोन चालवन? मले येत नाही. शेजारचं कोनी घरी नाही. तं यायनं सोताच काढली जीप. अर्ध्या रस्त्यात डावा हात उचलेच ना. म्हने, शोभे, गेर टाक. कोनता टाकू, म्हटलं. तं म्हने, मी क्लच दाबतो, तू वढ, जो लागन तो लागन. असे गेलो आम्ही दवाखान्यात. ते क्लच दाबे, मी गेर वढो. पूरा रस्ता."

आबा खाली पाहत होते. मंगला दारात येऊन उभी राहिली होती.

"अन् वापस आले तं म्हने, आता बिनक्लचची घेऊ. तुह्या गुडघ्यालेबी तरास नाही. शिक तू. पुढच्या बारीले मी मागं झोपून येईन."

मग ताईंच्या तोंडावर तुमच्यासारखंच हसू आलं. "अन् म्हने, साडभाऊले सांगजो नको. पह्यले सावलीत लावू, मंग सांगू."

पुढच्या बारीला गाडीपर्यंत जायचीही वेळ आली नाही.

आता मला कळतं तुम्ही त्या शोरूममध्ये उंबऱ्याची उंची कोणाच्या पायासाठी मोजत होतात. ताईंचा डावा गुडघा अंगणवाडीच्या पायरीवरून पडल्यापासून धड नाही. त्याच गुडघ्यानं त्यांनी एकदा मोताळ्याच्या बाजाराच्या मैदानात तुमच्या जीपचा क्लच दाबायचा प्रयत्न केला होता. तुमच्या जीपचा क्लच म्हणजे विहिरीवरचं झाकण. जीप उड्या मारत कांद्याच्या पोत्यांवर गेली, तुम्ही ओरडलात, ताई उतरल्या आणि पायी घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. ती हकीगतही मी लग्नात सांगतो. सांगायचो.

पण भाऊ, तुमच्यावर प्रेम वाटायला लागलं म्हणून वाद संपला असं समजू नका. बिनक्लचची समजली. खालचा उंबरा समजला. हे सगळं खालच्या व्हेरियंटमध्येही मिळतं, मी विचारून आलोय. मग टॉप कशाला? सनरूफ कोणाच्या गुडघ्यासाठी? निळा उजेड कोणाच्या छातीसाठी? याचं उत्तर द्यायच्या आत तुम्ही निघून गेलात, आणि हा सरळसरळ रडीचा डाव आहे.

आणि कंपनीचंही मी काही कौतुक करणार नाही. तिनं ती गाडी शोभाताईंसाठी काढलेली नाही. तिला संग्रामपूर नकाशात सापडायचं नाही. शहरातल्या गर्दीत अडकून कंटाळलेल्या, एका हातात फोन धरणाऱ्या माणसाच्या डाव्या पायाचे लाड करायला काढली. त्याच्या लाडापायी ताईंचं काम झालं, एवढंच. त्या सगळ्या दिव्यांच्या, पडद्यांच्या, बोलणाऱ्या बायांच्या कचऱ्यातून एक कामाची गोष्ट तुम्ही तुमच्या घाणेरड्या जीपमधून येऊन उचललीत, आणि मी, दोन गाड्या घेतलेला जाणकार, रंग निवडत होतो. निवडला तो पांढरा.

त्या दिवशी ओसरीत मी आणखी एक शहाणपणा केला. म्हटलं, ताई, बुकिंग रद्द करू. आता कशाला गाडी? कुठे जायचं असलं तर मी आहे ना.

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही त्या सोनेरी झाकणाच्या वेळी पाहिलं होतं. "तुम्ही चिखलीले, भाऊजी. मी संग्रामपूरले. उद्या आबाले काही झालं, मले काही झालं, तं तुम्ही कवा पोचान? तिथं मी एकटीच हाये. बाजूच्या सीटवर बसून गेर वढनं मले आता पुरे झालं."

मी म्हटलं, पण तुम्हाला येत नाही ना.

"येत नाही म्हनूनच तं शिकाचं हाये."

आबांनी बाजेवरून एकच शब्द टाकला. "घे."

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये गाडीवर लाल मखमल टाकली होती. केक, टाळ्या, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली, आणि फोटोवाला. टायवाला तोच. त्याला सगळं आधी सांगून ठेवलं होतं, तरी तो मला म्हणाला, "या सर, कापड ओढा." आणि मी गेलो. पाय आपसूक गेले, भाऊ, तिथं कापड दिसलं की मला राहवत नाही. मी टोक हातात धरलं, तेवढ्यात मागून ताई म्हणाल्या, "ते सर दुसऱ्या गाडीचे."

कापड त्यांनी ओढलं. नाक पाहिलं का मी? पाहिलं. माझ्या गाडीपेक्षा चांगलं आहे. हरामखोर कंपनी.

टायरखाली लिंबं ठेवलेली होतीच. ताईंनी वाकून, गुडघा धरून, एक एक उचललं आणि माझ्या ओंजळीत दिलं. "मंगलेले द्या. सरबतात पिळन." तुम्ही जे बोलला असतात ते त्या बोलल्या नाहीत, त्यांनी नुसतं केलं.

मग शिकाऊ परवाना काढला, काचेला लाल अक्षराचं स्टिकर लावलं, आणि शिकवायला मी. दुसरं कोण? त्याच बाजाराच्या मैदानात, ज्या दिवशी बाजार नसतो. मी बाजूला बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबायचो, जिथं ब्रेक नाहीत तिथं. डावीकडे घ्या, हळू, हळू, कुत्रं आहे, आरसा पाहा, मागचं नको पुढचं पाहा. त्यात ती आतली बाई इंग्रजीत तिचं चालू ठेवायची. ताईंनी एक फेरी ऐकून घेतलं, दुसरी ऐकून घेतलं. मग मैदानाच्या मधोमध गाडी थांबवली, अगदी अलगद, आणि म्हणाल्या, "भाऊजी, बोलनारी एक कंपनीनं बसवेलच हाये. तुम्ही जरा गप बसा. दोघाइचं कोनाकोनाचं आयकू?"

गप बसलो. आणि गप बसल्यावर एक गोष्ट दिसली. गाडी चालू झाली की ताईंचा डावा हात मध्येच उचलला जातो आणि गिअरच्या दांडीवर जाऊन बसतो. काही करत नाही. नुसता बसतो. त्या गाडीत त्या हाताला काही काम नाही, मी सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

भाऊ, तुमच्याशी मी आणखी वीस वर्षं भांडायचं ठरवलं होतं. इतक्या तुच्छतेनं माझ्याकडे पाहणारं दुसरं माणूस मला आता मिळणं कठीण आहे, आणि आपल्याकडे कोणी तसं पाहिलं नाही की माणूस गावभर शहाणा म्हणून हिंडायला लागतो. दुकानात परवा एकाला मी नव्या झाकणाची बाटली दिली आणि नवीन फॉर्म्युला म्हणालो. म्हणताना दाराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मग मीच म्हटलं, तेच आहे रे, झाकण बदललंय. तो माणूस माझ्याकडे संशयानं पाहत, काही न घेता निघून गेला. हे माझं नुकसान तुमच्या नावावर लिहून ठेवतो.

काल पहिल्यांदा ताईंनी मैदान सोडून गाडी रस्त्यावर घेतली. मोताळ्याहून आबांच्या घरापर्यंत. मी बाजूला, पाय पोटाशी घेऊन. एसटी मागून आली, ताईंनी बाजू दिली. बैलगाडी पुढे आली, ताई तिच्यामागं तिच्याच चालीनं चालत राहिल्या, जागा मिळेपर्यंत. शेवटच्या वळणावर मला कडुलिंब दिसला, आणि त्याखाली माझी पांढरी गाडी. सकाळी येऊन मीच लावलेली, सावली बघून.

ताईंनी ती पाहिली. गाडी तिच्या अगदी नाकाशी नेऊन उभी केली आणि दोनदा हॉर्न वाजवला. बाजेवर आबा उठून बसले. आतून मंगला पदराला हात पुसत धावत आली.

मी म्हटलं, छान ताई, आता इथंच उकिरड्याकडे लावा, थोडं डावीकडे घ्या.

ताईंनी इंजिन बंद केलं नाही. माझ्या बाजूचं दार उघडायचं बटण दाबलं.

"उतरा भाऊजी. तुमचं जुनं मॉडेल उनात लावा."